फरदड

मागच्या महिन्यात भोकर तालुक्यातल्या एका गावी बैठकीला गेलो होतो. बैठक बोलावली होती कापसाच्या भावावर. संपता संपता ती निवडणुकीवर येऊन थांबली. लोकसभेची पुढची निवडणूक २०२९ सालची, म्हणजे अजून लांब. पण पारावर निवडणूक कधीच लांब नसते. एक जुने जाणते शेतकरी म्हणाले, "ज्याला ओळखतो त्यालाच द्यावं. नवा माणूस दिल्लीचे रस्ते शिकेपर्यंत पाच वर्षं निघून जातात." त्यावर मागे बसलेला एक तरुण उसळला, "ओळखीच्यानंच बुडवलं. जो जुना तो पाडायचा, पक्ष कोणता का असेना." गंमत अशी की, माना दोघांच्याही बोलण्याला डोलल्या, आणि त्यातल्या बऱ्याच माना त्याच त्या होत्या.

हा वाद नांदेड-लातुरात पन्नास वर्षे चालू आहे. वर्षानुवर्षे सत्तेत असलेला पुढारी पुन्हा एकदा मत मागायला दारात येतो, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याने काय करावे? ठेवावा की पाडावा? आमच्या मते प्रश्नच अपुरा विचारला जातो. का, ते शेतातल्याच उदाहरणाने सांगतो.

कपाशीची फरदड आपल्याला माहीत आहे. वेचणी संपत आलेली असते, झाड अजून हिरवे असते, विहिरीत दोन पाळ्यांचे पाणी उरलेले असते. मग उपटायचे कशाला? नवी मशागत नको, बियाण्याची पिशवी नको. एक पाणी, थोडे खत, आणि मार्चपर्यंत आणखी क्विंटल-दोन क्विंटल कापूस पदरात. हिशेब सरळ दिसतो. पण त्या हिरव्या झाडावर गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळते आणि पुढच्या हंगामात ती आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही शेत खाते. २०१७ च्या खरिपात हे आपण भोगले. म्हणून कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते दरवर्षी सांगतात, फरदड घेऊ नका. पण त्यांच्या सांगण्यातला दुसरा अर्धा भाग आपण ऐकत नाही. नुसते झाड उपटून भागत नाही. उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या, तर त्यांच्यातल्या किडक्या बोंडांत अळी झोपून राहते आणि पावसाळ्यात उठते.

राजकारणाचेही तसेच आहे. इथे अळी म्हणजे कोणी माणूस नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. अळी म्हणजे आपली न विचारण्याची सवय. जुना पुढारी ठेवताना आपण काही विचारत नाही आणि त्याला पाडतानाही काही विचारत नाही. मागची पन्नास वर्षे तपासली तर हेच दिसते.

पहिला दाखला १९७७ चा. इंदिरा गांधी जानेवारी १९६६ पासून सलग पंतप्रधान होत्या. आणीबाणी आणून त्यांनी मार्च १९७७ मध्ये देशाकडे पुन्हा कौल मागितला. राज्याच्या मुख्यमंत्रिपदी तेव्हा नांदेडचेच शंकरराव चव्हाण होते. तरीही नांदेडने शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे यांना आणि लातूरने त्याच पक्षाचे उद्धवराव पाटील यांना दिल्लीला पाठवले. विधिमंडळात शेतकऱ्यांची बाजू मांडण्यात ज्यांची हयात गेली, असे हे दोघे. कोरडवाहू शेतकऱ्याला याहून जवळचे खासदार मिळणे अवघड होते. पण दिल्लीतले सरकार तीन वर्षांतच कोसळले आणि १९८० साली नांदेडातून शंकरराव चव्हाण, तर लातुरातून शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेत गेले. आणीबाणीचा राग मतपेटीत बोलला आणि ओसरला. कापूस-ज्वारीच्या भावाचा प्रश्न त्या रागात मिसळलाच नव्हता.

दुसरा दाखला लातूरचा, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. शिवराज पाटील १९८०, १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९ असे सलग सात वेळा लातूरचे खासदार झाले. १९८९ च्या हवेत नांदेडने जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काबदे निवडले, पण लातूर हलले नाही. गेल्या डिसेंबरात, २०२५ साली, त्यांचे लातूरलाच निधन झाले. गेलेल्या माणसाचा हिशेब मांडताना जीभ सैल सोडू नये, आणि इथे तशी गरजही नाही. माणूस सभ्य, अभ्यासू. शिवीगाळीचे राजकारण त्यांनी केले नाही. १९९१ ते १९९६ ते लोकसभेचे अध्यक्ष होते. त्याच पाच वर्षांत शंकरराव चव्हाण देशाचे गृहमंत्री होते. लोकसभेचे आसन लातूरकडे, गृहखाते नांदेडकडे! त्याशिवाय शंकरराव, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोकराव चव्हाण असे चार मुख्यमंत्री याच दोन जिल्ह्यांनी राज्याला दिले. खुर्च्यांचे पीक इतके जोमदार आले की, पश्चिम महाराष्ट्रानेही हेवा करावा.

त्या खुर्च्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. जायकवाडी आणि विष्णुपुरी ही नावे शंकररावांच्या नावाशी जोडलेली आहेत, ती उगाच नव्हेत. पण कालव्याचे पाणी ज्याच्या रानात गेले तो बागायतदार झाला; किनवट, माहूर, औसा, निलंग्याच्या माळावरचा शेतकरी आभाळाकडे पाहतच राहिला. आणि एवढ्या खुर्च्यांनंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागले.

भावाचे काय झाले? महाराष्ट्राचा कापूस १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेत बांधलेला होता. नदीपलीकडे आदिलाबादला भाव जास्त असला तरी किनवटच्या शेतकऱ्याला स्वतःचा कापूस तिकडे नेता येत नसे. परदेशी किती गाठी जाणार, ते दिल्ली कोटा ठरवून सांगे. त्या काळात आपल्या जिल्ह्यांतून दिल्लीला गेलेल्यांना आपण या दोन गोष्टींवर लेखी काही विचारले का? मोर्चे काढले, रस्ते अडवले, कार्यकर्ते तुरुंगात गेले. पण मतदानाच्या दिवशी तो हिशेब खिशातून बाहेर काढला नाही.

एप्रिल २००४ मध्ये शिवराज पाटील आठव्यांदा उभे राहिले. समोर भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर, म्हणजे माजी मुख्यमंत्री निलंगेकरांच्याच सूनबाई. परभणीहून कृषीची पदवी घेऊन मी तेव्हा नुकताच गावी परतलो होतो. पारावर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "आता बदल पाहिजे." १३ मे रोजी निकाल लागला आणि तीस हजारांच्या आसपास मतांनी लातूरचा सात वेळचा खासदार पडला. गावात गुलाल उधळला. माझे चुलते तेवढे ओसरीवर गप्प बसले होते. त्यांना म्हटले, "काका, खूश दिसत नाही तुम्ही." ते म्हणाले, "सात वेळा मत दिलं बाबा. सात वेळात एक कार्ड तरी टाकलं का आपण, की आमच्या ज्वारीचं काय करता म्हणून? आता नव्या बाईंना तरी कोण टाकणार आहे?"

त्या एका वाक्याने मला पदवीच्या चार वर्षांपेक्षा जास्त शिकवले.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. देशात शिवराज पाटलांचा पक्ष सत्तेवर आला आणि लातुरात हरलेला उमेदवार दहा दिवसांच्या आत देशाचा गृहमंत्री झाला. खासदारकी राज्यसभेतून मिळाली. यात बेकायदा काही नाही; घटनेने ती वाट ठेवलीच आहे. पण शेतकऱ्याने ध्यानात घ्यावे की, झाड उपटले गेले तरी ते शेताबाहेर गेले नव्हते. आणि नव्या खासदारांकडेही भावाचा जाब मागायला कोणी गेले नाही.

न विचारण्याची किंमत २००८ साली कळली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्याला पूर्ण माफी. त्यावरच्याने थकबाकीची ७५ टक्के रक्कम भरली तर २५ टक्के सूट. आता चार एकर ऊस असलेला बागायतदार आणि नऊ एकर कोरडी जमीन कसणारा कापूस-ज्वारीवाला शेजारी शेजारी उभे करा. पहिला 'लहान' ठरला आणि त्याचे कर्ज पूर्ण गेले. दुसरा 'मोठा' ठरला आणि त्याच्या हाती नोटीस आली. नंतर दुष्काळप्रवण जिल्ह्यांतल्या मोठ्या खातेदारांना किमान २० हजारांची सूट जोडली गेली, पण एकराची रेषा तशीच राहिली. जमिनीचा कस आणि पाणी न पाहता नुसता एकर मोजणारी ती रेषा मराठवाडा-विदर्भाच्या मुळावर आली. ज्या मंत्रिमंडळाने ती आखली त्यात लातूरचा माणूस बसलेला होता. ती आखली जाण्याआधी आपण त्यांच्याकडे गेलो होतो का? नव्हतो. आपण २००४ लाच हिशेब मिटला असे धरून चाललो होतो.

तिसरा दाखला ताजा आहे. २०१९ मध्ये नांदेडने माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पाडून भाजपचे प्रतापराव पाटील चिखलीकर यांना निवडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव भाजपमध्ये जाऊन राज्यसभेचे खासदार झाले. पडलेला आणि पाडणारा एकाच मांडवात! लगेच आलेल्या लोकसभेत नरेंद्र मोदी पंतप्रधानपदासाठी तिसऱ्यांदा कौल मागत होते. मराठवाड्यात भाजपने नांदेड, लातूर, जालना, बीड अशा चार जागा लढवल्या आणि चारही हरल्या. जालन्यात रावसाहेब दानवे सलग पाच वेळा निवडून आले होते, सहाव्यांदा पडले. नांदेडातून काँग्रेसचे वसंतराव चव्हाण, लातुरातून डॉ. शिवाजी काळगे निवडून आले. आरक्षणाचा प्रश्न त्यात होता, तसा हमीभावाच्या खाली विकलेल्या सोयाबीनचाही राग होता.

पुढचे सहा महिने पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. विधानसभेच्या प्रचारात सोयाबीनला ६,००० रुपये देण्याचे आश्वासन आले. वसंतरावांच्या निधनामुळे नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबर त्याच दिवशी, २० नोव्हेंबरला झाली. एकाच रांगेत उभे राहून एकाच मतदाराने दोन बटणे दाबली. लोकसभेला काँग्रेस १,४५७ मतांनी जिंकली आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीकडे गेल्या. चिखलीकर तिसऱ्याच पक्षातून लोह्याचे आमदार झाले. निवडणूक आटोपली. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा खाली, साडेसोळा टक्क्यांवर आले. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव जाहीर झाला ५,३२८ रुपये.

शुल्क चढले, मते पडली, शुल्क उतरले. यात कोणाला शिव्या देण्याआधी एवढेच पाहू की, शुल्क चढवणाऱ्यांना आपला राग दिसला होता. म्हणजे राग उपयोगी पडतो. पण तो मतदानापुरता उपयोगी पडतो, कारण मतदानानंतर आपण घरी जातो.

आता कापसाकडे वळू. कापसाच्या आयातीवर फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपली पहिली वेचणी दसरा-दिवाळीत येते. ज्या तीन महिन्यांत आपला कापूस बाजारात येतो, नेमका त्याच तीन महिन्यांत परदेशी गाठींना दरवाजा सताड उघडा! २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव एका हाताने लिहिला आणि दुसऱ्या हाताने आयात मोकळी केली. हे काही एकाच पक्षाचे पाप नाही. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका फटक्यात बंद करणारे सरकार दुसऱ्या पक्षाचे होते.

खरी गोम इथे आहे. उसाचा कारखाना मतदारसंघात असतो. त्याचा चेअरमन गावच्या लग्नाला येतो. त्याला भर मांडवात गाठून पहिल्या उचलीचे विचारता येते. कापसाचा भाव मात्र दिल्लीतल्या एका कागदाने ठरतो. त्या अधिसूचनेवर सभागृहात मतदान होत नाही, ती गावात कोणी वाचून दाखवत नाही. ज्वारीची तर त्याहून दैना. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, ज्वारीला 'श्री अन्न' म्हणून मान मिळाला, २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये ठरला. पण ती खरेदी करणारा काटा गावाजवळ नसेल तर तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. आपला पुढारी रस्ता, सभामंडप, बदली, दवाखाना यांवर तपासला जातो, कारण ते डोळ्यांना दिसते. भावावर तो कधी तपासलाच जात नाही. म्हणून सातव्यांदा आलेला आणि पहिल्यांदा आलेला, दोघेही या विषयात सारखेच निर्धास्त.

यावर उपाय काय? त्याचे एक साधन आपल्याच लातूरच्या माणसाच्या काळात तयार झाले, हे किती जणांना माहीत आहे? शिवराज पाटील अध्यक्ष असताना, १९९३ साली, संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या. कृषीची एक, वाणिज्याची एक, वस्त्रोद्योगाचे खाते कामगार खात्याबरोबर एका समितीत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. मंत्र्याला तिथे जागा नाही. खात्याच्या सचिवाला समोर बसवून जाब विचारायची ती जागा. डिसेंबर २०२४ मध्ये कृषीच्या समितीनेच हमीभावाला कायद्याचा आधार द्यावा, अशी शिफारस केली. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण ती छापली जाते आणि तिला उत्तर द्यावे लागते. आपला खासदार कोणत्या समितीत आहे, बैठकीला किती वेळा गेला, सभागृहात कापसावर किती प्रश्न विचारले, हे सगळे संसद प्रसिद्ध करते. आपण ते कधी पाहिले नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे असे. २०२९ ला कोण कितव्यांदा उभा आहे, यावर पारावर भांडू नका. सात वेळा आलेला माणूस कामाचा असू शकतो आणि पहिल्यांदा आलेला त्याच घरातला, त्याच सवयीचा असू शकतो. प्रत्येक गावाने आजच एक वही घालावी आणि तिच्यात चार प्रश्न लिहावेत. एक, ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाचे आयात शुल्क उठले तेव्हा आपण कोणाला, काय लिहिले? दोन, संसदेच्या कोणत्या समितीत आहात, आणि तिथे कापूस, ज्वारी, सोयाबीनवर काय विचारले? तीन, वेचणीच्या हंगामात शुल्क कमी होणार नाही, यासाठी पक्षाचा आदेश असला तरी बोलाल का? चार, पुढची कर्जमाफी नुसत्या एकरावर मोजली जाऊ लागली, तर कोरडवाहूसाठी उभे राहाल का?

हे प्रश्न आत्ताच्या खासदाराला दरवर्षी वेचणीआधी लेखी पाठवायचे. उत्तर आले तर ग्रामसभेत वाचायचे. नाही आले तर 'उत्तर नाही' असे तारखेसह वहीत लिहायचे. राज्यसभेत बसलेल्यांनाही सोडायचे नाही. त्यांना आपले मत लागत नसले तरी आपली माणसे त्यांच्या प्रचाराला लागतातच. मग २०२९ ला जुना असो की नवा, सभेला आला की वही पुढे करायची. ज्याची पाने भरलेली त्याला आठव्यांदाही मत द्या. ज्याची पाने कोरी, तो पहिल्यांदा आलेला असला तरी त्याला परत पाठवा.

माझे चुलते आज नाहीत. एक कार्डही टाकले नाही, ही त्यांची रुखरुख मात्र माझ्यापाशी राहिली आहे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही बरोबर आणावी. पहिल्या पानावर चार प्रश्न, दुसऱ्या पानावर ते पाठवल्याची तारीख. तेवढे असले की बैठकीला सुरुवात करू.